उपासाला चाललेला गिलास

मांडवगण फराटा

चिरंजीव हौशीराम यास थोरल्या बहिणीचा भरभरून आशीर्वाद. आम्ही सारी खुशाल. तुझा गुडघा कसा हाय? म्हस व्याली का? (अकरा वर्षांत किती येळा व्याली असंल, मला इथं काय कळणार.)

पत्रास कारण, एकादशीला माझ्या हातनं पाप झालं. आपली सृष्टी पुण्यात हाटेलीचं शिकून आली. (नात कसली, सोनं हाय.) तिनं अंगणात बाटल्या मांडल्या, जांभळाचा रस काढला, वरून मोसंबं आन् लिंबू पिळलं. तसा तो काळा रस झर्रकन राणी रंगाचा झाला, माझ्या शालूसारखा. गिलासाच्या कडंला सैंधव लावलं. मी म्हटलं, जांभूळ चालतं, लिंबू चालतं, सैंधव तर उपासाचंच. प्याले. आंबट असं, की कवळीसुद्धा शहारली! म्हणून दुसरा प्याले. भगर कोण खातंय मग!

तवर तिची आई, माझी थोरली सून नीलम पळत आली, "आवो आत्याबाई, बारमधलं कॉकटेल हाय ते!" झालं. माझं पाय हलकं झालं, जीभ सुटली. आन् पहिलं नाव निघालं ते तुझं. या घरात अकरा वर्षं ते कुणी काढलं न्हवतं. तू पेरूवरनं पडलास ते सांगून हसले, मग रडले. नीलम म्हणाली, "चढली म्हातारीला."

माझ्या धाकट्या विक्रमच्या लग्नात तू पिऊन आलास, अक्षता पडायच्या आधीच पंगतीला बसलास, तवा मीच बोलले होते, पिणाऱ्यानं माझा उंबरा चढायचा न्हाई. आता तो मलाच बंद झाला. दोन दिस पडवीत निजतीया. (चटई बरी हाय, डास वाईट.) तर भाऊबिजेची वाट बघू नको. नदी वलांडून ये. दोघं पिणारी मिळूनच आत जाऊ.

तुझी आक्का,
कस्तुरा

ता. क. तू दारू सोडून सहा वर्षं झाली, हे तुझ्या गावच्या म्हस्कूनं मला तवाच सांगितलं होतं. पण आधी बोलायचं कुणी, म्हणून ऱ्हायलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना सृष्टी म्हणाली, "आज्जी, दारू घातलीच न्हवती, ती हाटेलात घालत्यात." म्हंजी पडवीत निजायला मला कारणच उरलं न्हाई. तरी चटई उचलली न्हाई. लवकर ये, डास लई हायेत.