तापातली मोजणी

वरवट बकाल,
१२ डिसेंबर १९६६

प्रिय रंगराव, स. न. वि. वि.

तू कोकिळेचा भाऊ, पण खामगावच्या बोर्डिंगात आपण एका ताटात जेवलो. म्हणून साळ्याले नाही, दोस्ताले लिहून राह्यलो. लग्नाले सहा वर्षं झाली, पाळणा नाही. माय माह्यासाठी दुसरी पोरगी पाहून राह्यली. मी गुपचूप मलकापूरच्या डॉक्टराकडून तपासून आलो. त्यानं काचेखाली पाहून सांगितलं, बीज जवळपास नाहीच. दिवाळीतल्या मुदतीच्या तापातून नुकता उठलो, अन् हे! कोकिळेले सांगितलं नाही. तिले माहेरी धाडावं, तुम्ही तिचं दुसरं पाहावं, असं मनात येते. तू नागपुरात पैदास केंद्रात मेंढ्यांचं हेच मोजतं ना? हसू नको बे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
शेषराव


नागपूर,
२० डिसेंबर १९६६

प्रिय शेषराव, स. न. वि. वि.

हसलो, पण त्या डॉक्टरावर. चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून मी दिवसभर बीज मोजतो, पण एका थेंबावर मेंढ्यालासुद्धा पास-नापास करत नाही. पहिल्या थेंबात साठवलेला माल असतो. रोज घेत राहिलं की साठा सरतो; मग येते ती त्याची रोजची खरी कमाई. आणि मेंढ्याला ताप आला की पुढं कित्येक आठवडे आकडा कोसळतो. माणसात नवं बीज तयार व्हायला अडीचेक महिने लागतात. तुझा डॉक्टर तुझा ताप मोजून बसला! फाल्गुनात इकडे ये, पुन्हा मोजू. तोवर माझ्या बहिणीला माहेरी धाडलंस तर मेंढा अंगावर सोडीन. आणि तिला सगळं सांग.

राग सोडून लोभ ठेवावा.

तुझा,
रंगराव


वरवट बकाल,
६ एप्रिल १९६७

ति. दादास, कोकिळेचा सा. न. वि. वि.

नागपूरहून हे हसतच आले. आकडा पुष्कळ वाढला, तरी कमीच. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, असं तू बजावलंस म्हणे. मला यांनी संक्रांतीलाच सगळं सांगितलं होतं. चार दिवस बोलले नाही मी. तपासणीचा राग नव्हता रे, माझं परस्पर दुसरं लग्न लावायला निघाले होते त्याचा!

काल सासूबाई पुन्हा जानेफळच्या मुलीचं घेऊन बसल्या. हे जेवता जेवता म्हणाले, माय, पोरगी पाहू नको, कमी माह्यात हाये, कोकिळेत नाही. ओसरीवर शेजारच्या जनकाबाई होत्या, तरी यांनी आवाज खाली केला नाही. सासूबाई उठून आत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत.

आज सकाळी त्यांनी मला पुढ्यात बसवून माझी वेणी घातली. सहा वर्षांत पहिल्यांदाच. इतकी घट्ट ओढली की डोकं अजून ठणकतंय, पण मी हूं की चूं केलं नाही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
कोकिळा