दवाखान्याच्या डब्याची गरम चाकं

सोमवार, ३ नोव्हेंबर १९५२

आज पुन्हा चाकं तापली. शिरढोणला उतरलो तर डब्याच्या दोन्ही चाकांपाशी जळका वास. बोट थुंकीने ओलं करून टेकवलं, चर्र झालं. महमूद ड्रायव्हर नेहमीसारखा हाताची मागची बाजू चाकाजवळ धरून उभा. तोंड पाडून. "भाऊ, अल्ला कसम, मी ब्रेकला हातच लावला नाय. सपाट रस्ता, कशाला लावू?"

मग कोणी लावला? मी?

लढाईनंतर लष्कराच्या लिलावात ट्रस्टींनी हा अमेरिकन डबा घेतला, ट्रकला जोडला आणि फिरता दवाखाना केला. ब्रेकसुद्धा विजेचा. महमूदच्या स्टिअरिंगपाशी एक लहान मूठ आहे, ती ओढली की तारेतून करंट जाऊन मागे डब्याची चाकं आवळतात. मूठ त्याच्या एकट्याच्या हाताशी. डॉक्टर शेजारी बसतात, पण त्यांचं डोकं वर्तमानपत्रात. मी मागे डब्यात, बाटल्या सांभाळत.

डॉक्टर आज स्वच्छ म्हणाले, "काशिराम, एकदा जरी पेट घेतला तर ट्रस्टी डबा विकून मोकळे होतील." म्हणजे दवाखाना बंद. माझी कंपाउंडरकी संपली, आणि इकडच्या बाया पोरांना खांद्यावर टाकून पनवेलपर्यंत चालत येणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दसऱ्याआधी हे कधी झालं नव्हतं. आणि दसऱ्यापासूनच महमूदचा मेव्हणा ताहेर उरणहून सारखा येतोय. ताहेरची स्वतःची लॉरी आहे. डबा निकालात निघाला तर दवाखान्याला लॉरी लागेलच. कोणाची लागेल?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज दत्ताचा वार. निघताना डब्यातल्या तसबिरीला हार घातला, दिवा लावला. डब्यात स्पिरिट असल्यामुळे तेलवातीला डॉक्टरांची सक्त मनाई. पण देव अंधारात ठेवून मी प्रवास करत नाही. म्हणून दसऱ्याला शस्त्रपूजेच्या दिवशी मी स्वतः बल्ब बसवला. कपाटामागून तारांचा जुडगा जातो. त्यात एक तार दिव्यांची. एक निळी मात्र डब्यातल्या कुठल्याच दिव्याला जात नव्हती, नुसती मोकळी. दोघींच्या मध्ये बल्ब जोडला, लखकन लागला. मिस्त्रीचं तोंड बघावं लागलं नाही. गाडी निघाली की बटण दाबायचं, थांबली की बंद करायचं. उभ्या गाडीत बॅटरी उतरते.

पण आज एक विपरीत पाहिलं. कर्नाळ्याच्या खिंडीत उताराला डबा आवळल्यासारखा झाला, म्हणजे महमूदने मूठ ओढली. आणि त्याच क्षणी दत्ताचा दिवा मंदावला. विझल्यातच जमा. मूठ सुटली, पुन्हा तेवला. तीन वेळा झालं हे! हा मूठ ओढतो आणि देव डोळे मिटतो. यातून काय समजायचं ते मी समजलो.

तारा गावी उतरल्यावर त्याला नुसतं म्हटलं, "तू ब्रेक लावलास की माझ्या देवाचा दिवा जातो रे." चेहरा बघण्यासारखा होता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापळा लावला. कोणी नसताना मुठीला काळा दोरा बांधला, जखम शिवायचा, बारीक. रस्ता आज पूर्ण सपाट. मूठ ओढली तर दोरा तुटणार.

मुक्कामी पोचल्यावर पाहिलं. दोरा शाबूत. चाकं लालबुंद.

याने दोरा सोडून परत बांधलेला आहे. माझ्याच गाठीसारखी गाठ! हात हलका आहे लेकाचा.

रविवार, ९ नोव्हेंबर

डबा बुधाजी मिस्त्रीकडे नेला. त्याने जॅक लावला, चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. दुसरंही तसंच. बुधाजी म्हणाला, "कंपाउंडर, यात काय बी खोट नाय. उभ्या गाडीला चाक मोकळा हाय. चालत्या गाडीत कोनतरी लावतंय."

चालत्या गाडीत कोण लावणार? अजून किती पुरावा हवा?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन दिवस तापाने पडून. महमूद एकटाच डबा घेऊन पेणला रंगवायला गेला आणि आला. डॉक्टर घरी पाहायला आले तेव्हा म्हणाले, "नवल आहे, काल डबा परत आला तेव्हा चाकं अगदी गार होती."

नवल कसलं! मी नव्हतो, डॉक्टर नव्हते, मग तमाशा दाखवायचा कोणाला? ही त्याची चूक झाली. आता सापडला.

गोदू भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच. तूप मांजर खात होतं तेव्हाही तुम्ही मोलकरणीला काढलंत." बायकांना जुन्या गोष्टी बऱ्या आठवतात. मांजराचा इथे काय संबंध?

शनिवार, १५ नोव्हेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. दोरा, दिवा, ताहेर, पेण. ते टेबलावर पेन्सिल आपटत होते. "महमूद चार वर्षं आहे माझ्याकडे," म्हणाले. मी म्हटलं, घरचाच उंदीर धान्य खातो. ते म्हणाले, लिहून द्या, मग ट्रस्टींना कळवतो.

लिहून दिलं. माणूस कुठल्या मोहल्ल्यातला हा प्रश्नच नाही, कृत्याचा प्रश्न आहे, असंही एक वाक्य घातलं. मग खोडलं. पत्र पुन्हा स्वच्छ उतरून काढलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

महमूद गेला. डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "ताहेरची लॉरी? ती तर गणपतीतच विकली, डॉक्टरसाब. तवापासून बिचारा काम शोधत फिरतो. म्हणून तर येतो." म्हणे!

किल्ली टेबलावर ठेवली. मला वाटलं माझ्याकडे न बघता जाईल. पण दारात थांबला, खिशातून कागदात गुंडाळलेला बल्ब काढला. "भाऊ, तुमच्या देवाचा दिवा मंद होतो बोललात ना. हा मोठा हाय. हा लावा."

घेतला. असली गोडी मला कळते. चोराच्या मनात चांदणं.

तरी जेवण गेलं नाही. तापाचा अशक्तपणा अजून आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नवा ड्रायव्हर तुळशीराम. शिरढोणचाच, लष्करात गाडी चालवलेला, मान खाली घालून काम करणारा. मोठा बल्ब लावला. उजेड सुरेख पडतो, दत्ताचा चेहरा उजळला. जुन्याच्या दुप्पट. वस्तूने काय घोडं मारलंय, असा विचार केला.

आपटा गावच्या वाटेवर धूर! धावत उतरलो. दोन्ही चाकांतून निळा धूर, इतका कधीच नव्हता. आत स्पिरिटच्या अकरा बाटल्या. एक बाई तापलेलं पोर घेऊन रस्त्यालाच वाट बघत होती, ती किंचाळून मागे सरली. तुळशीरामने आणि मी बादलीने पाणी मारलं, वाफ अंगावर आली. डॉक्टर पांढरे पडले होते.

जाता जाता महमूद काहीतरी करून गेलाय. की तुळशीरामही त्यालाच सामील? शिरढोणला महमूदची दोस्ती असणार. दोन तास रस्त्यात बसलो. डॉक्टरांनी पोराला तिथेच झाडाखाली तपासलं.

निघताना माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. दिवा लावायचाच राहिला. परत येईपर्यंत चाकं गार होती. पाणी मारलं होतं म्हणून.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

झोप नाही. पाणी मारलं म्हणून चाकं गार. पण सात मैल?

पेणला मी नव्हतो. तेव्हाही गार होती.

उद्या बुधाजीकडे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बुधाजीने जॅक लावला, चाक हाताने फिरवत ठेवलं. ट्रकची तार जोडलेली होती. मी आत गेलो, तसबिरीपुढे हात जोडले, बटण दाबलं. बाहेरून बुधाजी ओरडला, "लागला!" बंद केलं. "सुटला." पुन्हा दाबलं. "लागला. आत कोन हाय, काय करतंय?"

"मी आहे," म्हटलं. "मीच करतोय."

निळी तार ब्रेकची होती; माझ्या दिव्याचा करंट तिच्यातूनच चाकांना जात होता, मोठ्या बल्बने आणखी जास्त. बुधाजीने दाखवली. हसला नाही. डॉक्टरांना तिथूनच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आधी त्याच्याकडे जा.

मोहल्ल्यात गेलो. त्याची बायको झुबेदा दारात तांदूळ निवडत होती. महमूद परवाच रत्नागिरीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, परत कधी ते माहीत नाही. मी चपला काढून तसाच उभा राहिलो. तीच म्हणाली, "बसा ना भाऊ. जाताना सारखा इचारत होता, भाऊंच्या देवाचा दिवा आता नीट लागतो का."