क्राउन व्हील डावीकडे

१४ मार्च, रविवार, दुपारचे तीन

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. घरात सगळे बरे असतील असं धरून चालतो, कारण विचारावं तर तू फोन उचलत नाहीस. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, गाडीखाली सरपटत गेलो की बाहेर यायला वेळ लागतो. पण मला तरी कुठे जायची घाई आहे!

पत्र बघून दचकू नकोस. आपल्या दोन सीटच्या म्हाताऱ्या गाडीचं मागचं डिफरन्शिअल अखेर बदललं. म्हणजे बदललं, आणि पुन्हा काढलं. सांगतो.

तुझी ताई गेल्यापासून नवा संच खोक्यातच पडून होता. चौदा महिने. जुन्याच्या तक्रारी तुला पाठ आहेत. वळणावर एक चाक नुसतं गरगरायचं, आणि मोठ्या रस्त्याला लागलं की इंजिन असं बोंबलायचं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. ताई ओरडून काहीतरी सांगायची, मी 'हो हो' म्हणायचो, आणि घरी आल्यावर कळायचं की भलत्यालाच होकार देऊन बसलोय. तिच्या माहेरच्या कपाटाला जांभळा रंग असाच लागला. 'मला बोलता येईल अशी गाडी करून द्या,' एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून तर आपण दोघांनी हा संच निवडला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा आणि इंजिनाला निवांत ठेवणारा.

गेल्या आठवड्यात मनावर घेतलं. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवली आणि गुडघ्यामुळे मागचा सगळा भाग खाली उतरवून टेबलावर घेतला. या कामासाठी तू लिहिलेली वही उघडली. तुझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: 'क्राउन व्हील डावीकडे.' ती दातांची मोठी चकती आपल्या गाडीत दोन्ही बाजूंनी बसते, हे तुला सांगायला नको. मी डावीकडे बसवली. सगळं जोडलं, चाकं जमिनीवर टेकवली, पहिला गिअर टाकून क्लच सोडला, आणि बाईसाहेब थेट मागे! रंगाच्या डब्यांची फळी खाली आली. पुन्हा पहिला टाकला, पुन्हा मागे. मग रिव्हर्स टाकला, तर ऐटीत पुढे निघाली.

मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्यात ठरलेलं होतं ना, खाली झोपलेल्याचा डावा तो डावा. तू उताणा पडून खालून विचारायचास, 'भाऊजी, डावा?' मी वरून म्हणायचो, 'डावा.' वहीतला डावाही तसाच, पाठीवर झोपलेल्या माणसाचा. आणि मी आपला टेबलापाशी उभा राहून वाचतोय, म्हणजे माझा तो उजवा. जगात दुसऱ्या कुणाची ही चूक झाली नसती.

मी इतका हसलो की पोटात कळ आली. हसता हसता मागे वळून मोठ्याने म्हणालो, 'बारक्या, बघितलंस का?' शेडमध्ये कुणी नव्हतं. आपलाच आवाज पत्र्यावर आपटून ऐकू आला. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

आता चकती बरोबर बाजूला बसवली आहे. अडलंय ते दातांना रंग लावून बघण्यापाशी. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने चकतीवर हाताने दाब धरायचा, मगच दात नेमके कुठे घासतात ते उमटतं. एकट्याने, दाबासाठी चकतीवरचा पट्टा पायाला बांधून करून बघितलं, जमलं नाही. शेजारच्या शिंप्याला बोलावलं. भला माणूस, पण दर फेरीला विचारायचा, 'झालं का?' चहा पाजून परत पाठवला.

म्हणून तुला 'ये' असं लिहायला बसलो. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. कारण तू आलास तर माझ्यासमोर बसशील, आणि मग मला तुझ्याकडे बघावं लागेल.

बारक्या, दवाखान्याच्या पायरीवर तू माझी कॉलर धरून विचारलंस, 'मला का नाही कळवलं?' मी म्हणालो, 'तिनेच नको म्हटलं होतं.' तू कॉलर सोडलीस. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला, तरी शब्द मागे घेतला नाही. तुला वाटलं असणार, कपाटाच्या रंगावरून शेवटच्या भेटीत तुम्ही बहीणभाऊ भांडलात, तो राग तिने मनात धरला.

ते खोटं होतं. तिने नको म्हटलं नव्हतं. फोन धरायचं बळ तिच्या हातात नव्हतं, म्हणून तिने मला सांगितलं, 'बारक्याला बोलवा.' मंगळवारी सांगितलं. बुधवारी सांगितलं. मी दोन्ही वेळा 'हो' म्हणालो, आणि या खेपेला इंजिनाचा आवाज नव्हता, मला नीट ऐकू आलं होतं. पण तुला फोन लावणं म्हणजे ती वाचणार नाही असं कबूल करणं, असं माझ्या मनाने घेतलं. मी भ्यालो. गुरुवारी सकाळी तिने विचारलं, 'निघाला का?' मी म्हणालो, 'निघालाय, वाटेत आहे.' तिने मला उशी उंच करायला लावली, दार दिसावं म्हणून. दुपारी गेली.

ती तुझ्यावर रागावली नव्हती. ती तुझी वाट बघत होती. हे तुझं होतं, आणि मी ते चौदा महिने दाबून ठेवलं.

गाडीचं राहू दे. ती उभी राहील घोड्यांवर. तुला यायचं असेल तर भांडायला ये, हात उगारायला ये, मी दारात उभा असेन. नाही आलास तरी माझी तक्रार नाही.

तिच्याशी आणि तुझ्याशी खोटं बोललेला,
तुझा भाऊजी