उघडी राहिलेली सीडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो, "आई, आता सीडी कोण बघतं गं?" अरे, मी बघते! चैतन्यने एवढा भारी लॅपटॉप आणला आणि सीडी घालायला त्याला तोंडच नाही! टीव्हीखालचा प्लेअर दिवाळीत मेला, त्यावर ही सीडी कधी लावलीच नव्हती. मग यांचा आवाज ऐकायचा कशावर? घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने आवाजाची पेटीच काढली. गावच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात गायला यांना कधी माईक लागला नाही. आता पाटीवर लिहितात — चहा. पंखा. औषध.

पोराला म्हटलं, तुझ्या बापाचा गळा आहे त्या सीडीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनजवळच्या प्रीतमकडे गेले, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "काकी, ब्लँक दाखवतंय." म्हटलं, डोळे फुटले का तुझे? यांनी स्वतः भरलीय घरी! मग त्याने उजेडात धरली. आतल्या बाजूला काळपट कडं दिसलं. भरलीय म्हणे, पण भरून झाल्यावर क्लोज करतात ती केलीच नाही. "उघडी सीडी ज्या मशीनवर भरली त्याच्यावरच चालते, काकी."

ते मशीन धाकट्या दिराकडे. दुरुस्तीला म्हणून नेलेलं!

९ फेब्रुवारी, रविवार

साकीनाक्याला गेले, यज्ञेश भावजींच्या गाळ्यावर. "वहिनी, तो डबा होय? असेल कुठेतरी." असेल म्हणजे? शोधा! पत्र्यांच्या ढिगाखाली मिळाला, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. "एवढ्यासाठी आलात? फोन करायचा ना." म्हटलं, फोन केला असता तर भंगारात घातला असतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

मशीन प्रीतमकडे. जेवण जात नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लागली! प्रीतमने घरी येऊन लावून दिली.

हे तुरेवाले. डोक्याला फेटा, पायात चाळ, आणि तो आवाज — अंगावर काटा आला माझ्या. शेवटी शक्तीवाल्यांना सवाल टाकला — "घागर फुटली, सांगा, आतलं आभाळ गेलं कुठं?" गाण्यातला सवाल, जवाबही गाण्यातच द्यायचा. पण तिथेच पडदा काळा. समोरच्यांचा जवाब नंतर भरू म्हणून यांनी सीडी उघडी ठेवलेली. राहूनच गेलं.

वळून बघते तर हे भिंतीकडे तोंड करून. हात गळ्यावर.

प्रीतम म्हणाला, "क्लोज करतो काकी, मग कुठेही चालेल, कॉपी पण निघेल. पण पुढे काही भरता येणार नाही." कर म्हटलं! हे उठले आणि मशीनवर दोन्ही हात ठेवले. काढेचनात. मी ओरडले, "आता कोण गाणार आहे त्यात?"

तोंडातून गेलं ते गेलं. प्रीतमने चपला घातल्या. रविवारी येतो म्हणाला.

यांनी दिवसभर पाटीला हात लावला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाकरी थापत होते. पाटी आणून परातीजवळ ठेवली आणि गेले. अक्षर वाकडं, पण भरून लिहिलेलं —

"शकु, तुझा बाप शक्तीवाला. माझा सवाल तसाच पडलाय. उरलेल्या जागेत तू गा. रविवारपर्यंत जवाब दे."