खिडकीतली रिळं

प्रिय खारूताई,

पाकीट जाड लागलं म्हणून खूश होऊ नकोस. तू ज्याची वाट बघते आहेस तो फॉर्म यात नाही. सोमवारपर्यंत तो पोचला नाही तर त्या शुश्रूषागृहातली तुझ्या आईची जागा दुसऱ्या कुणाला देतील, हे तू मला फोनवर तीनदा सांगितलंस. माझ्या लक्षात आहे. फॉर्मचं काय झालं ते सांगतोच, पण आधी गुरुवारचं सांगू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल. फोनवर हे मला जमलं नसतं. फोनवर मी दोन वाक्यांत हवापाण्यावर येतो, तुला ठाऊकच आहे.

आईला झटका येऊन पाच महिने झाले. उजवा हात नुसता लटकतो आणि वाचा गेली ती गेलीच. काय बडबडी बाई होती ती! गळ घ्यायला आलेल्या माणसाला पाणी किती खोल आहे इथपासून बायकोचे गुडघे कसे आहेत इथपर्यंत सगळं विचारायची. ते तोंड मिटलं आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. तिच्या वडिलांचं हे गळ-दोऱ्याचं दुकान, त्यात मी गणिताचा मास्तर चाळीस वर्षं फक्त चहा प्यायला जात होतो. तरी म्हटलं, आता आपण जरा शिस्त लावू. आई नायलॉनच्या दोऱ्याची रिळं गल्ल्याखालच्या अंधाऱ्या खणात कोंबून ठेवायची. गिऱ्हाइकाला ती दिसणार कशी? मी सगळी काढली, पुसली आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत बारीक ते जाड अशी चढत्या क्रमाने मांडली. दुपारच्या उन्हात ती अशी काही चमकायची, की मी मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडून बघून यायचो.

दुसऱ्याच दिवशी आईने ती उचलायला सुरुवात केली. डाव्या हाताने एक रीळ घ्यायचं, पाय ओढत जायचं आणि खणात टाकायचं. मी ती लगेच परत खिडकीत मांडायचो. सकाळी पुन्हा तेच. मी समजावलं, रागावलो, एकदा तर खणाला कुलूप घातलं. त्या दिवशी ती खणाजवळ जमिनीवर बसून रडली आणि मी सरळ तुला फोन लावला. आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, वस्तू लपवते, असं मी म्हणालो होतो. आठवतंय ना?

मग तू पाठवलेली ती गळाची हलकी काठी आली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं म्हणून तू पाठवलीस, आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. काठी कसली, छडीच. आम्ही वर्गात याहून जाड वापरायचो. तिच्यावरची दोरा गुंडाळायची चक्री तर माझ्या मुठीत मावली. मी विचार केला, आईच्या हातात जोर नाही, निदान दोरा तरी दणकट असू दे. दहा किलोचा ताण सोसणारा दोरा खिडकीतून आणला आणि चक्रीवर गुंडाळला. मागच्या अंगणात फेकून बघितलं तर तो स्प्रिंगसारखी वेटोळी घेत माझ्याच पायाशी येऊन पडला. तीनदा फेकला, तीनदा तेच. आई खुर्चीतून बघत होती. तिने मला खुणेने बोलावलं आणि काठीच्या मुठीवर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, दोरा एक ते दोन किलो. आधी प्रश्न नीट वाचा म्हणून मी आयुष्यभर पोरांवर ओरडलो, त्यातलं एक तरी पोर तिथे असायला हवं होतं.

मुकाट्याने दीड किलोचं रीळ आणलं. तिने हातभर दोरा सोडला, एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हाताला गुंडाळलं आणि हिसका दिला. तुटला. आवाजसुद्धा नाही, वाळल्या गवतासारखा तुटला. दुसऱ्या रिळाचा दिला, तोही तुटला. मी म्हटलं, माल खराब आला असेल. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग ती उठली, खणाशी गेली, हात पार आत घातला आणि मागच्या कोपऱ्यातून एक रीळ काढलं. माझ्या शोधातून सुटलेलं, पहिल्या आठवड्यापासून तिथे पडलेलं. त्याच खोक्यातलं, त्याच दिवशी आलेलं, तेवढ्याच जाडीचं. तिने तसाच हिसका दिला. दोरा तिच्या तळहातात रुतला, लाल वळ उठला, पण तुटला नाही.

मास्तरला यापेक्षा सोपं कसं समजावणार? एक उन्हात ठेवलेलं, एक अंधारात ठेवलेलं, बाकी सगळं समान. उन्हाने नायलॉन कुजतं, हे त्या बाईला माहीत होतं, आणि पाच महिने ती मला तोंडाने सांगू शकत नव्हती म्हणून पायाने चालून सांगत होती. मला आपला पोस्टमन आठवला. गेल्या महिन्यात मासा लागता लागता दोरा तुटला म्हणून तो तक्रार घेऊन आला होता, आणि मी त्यालाच गाठ मारायची कशी यावर अर्धा तास ऐकवलं होतं. मी खुर्चीत बसलो.

ती मात्र कामाला लागली. खणातल्या रिळाचा दोरा तिने ओठांमधून ओढायला घेतला, डोळे मिटून, हळूहळू, पूर्ण शंभर हात. दोनदा थांबली, तिथे कापला. का थांबली म्हणून मी तो तुकडा बोटांनी चाचपला, भिंगाखाली धरला, शेवटी माझ्याही ओठांतून फिरवला. मला काही लागलं नाही. उजेडाकडे तिरपा धरल्यावर एक ओरखडा दिसला, केसाहूनही बारीक. अगं, ती माझ्यासमोर चाळीस वर्षं हे करत असणार, आणि मी पेपर वाचत असणार!

गुरुवारी दुपारी तळ्यावर गेलो. तिने गळाची गाठ दात आणि डावा हात यांनी बांधली आणि आवळण्याआधी थुंकीने ओली केली. चक्रीचा ब्रेक इतका सैल ठेवला की बोटाने ओढला तरी दोरा सुटावा. उजवा हात काठीखाली टेकू म्हणून ठेवला. मी शेजारी स्टुलावर, तिची खुर्ची धरून. तासाभराने काठी वाकली ती अशी की टोक पाण्याला लागलं. चक्री किंचाळत फिरायला लागली, दोरा भराभरा जाऊ लागला. दोरा म्हणजे काय, दिसतही नव्हता. पाण्यात शिरायचा तिथे एक बारीक रेघ तेवढी पळत होती. मी घाबरलो, मासा सगळं घेऊन जाणार. ब्रेक आवळायला मी हात पुढे केला.

“अहो, ढिलं.”

खारूताई, मी इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून. पाच महिन्यांनी मला कुणी अहो म्हटलं होतं. आईचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, पाण्याकडे होतं. मासा पळाला की ती पळू द्यायची, थांबला की दोन वेढे घ्यायची. जोर असा कुठेच नाही. पस्तीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली. शेवटी मी बूट-पँटसकट गुडघाभर पाण्यात उतरलो आणि जाळीत मासा घेतला. वजनकाट्याला टांगला तर चार किलो शंभर. दीड किलोच्या दोऱ्यावर! मी दोनदा मोजला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली, तसा मी तो परत सोडला. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि मी घरी येईपर्यंत तिच्याकडे चोरून चोरून बघत होतो.

आता फॉर्म. तो त्याच पँटच्या खिशात होता, भरलेला, सही केलेला, जाता जाता टपालात टाकणार होतो. पाण्याने भिजला, पण शाई पक्की निघाली. नवव्या रकान्यात विचारलं होतं, रुग्णाचं वागणं विसंगत असल्यास उदाहरण द्या. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, “दुकानातली रिळं विनाकारण अंधाऱ्या खणात लपवते.” शुक्रवारी सकाळी मी तिच्यासमोर बसून तिला तो फॉर्म पूर्ण वाचून दाखवला, नववा रकानासुद्धा. तिने ऐकलं. मग माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि माझ्याच पेनाने, डाव्या हाताने, ‘विनाकारण’ या शब्दावर आडवी रेघ मारली. म्हणून हे पत्र. दुकान बंद करायचं, आईला तिकडे ठेवायचं, हे सगळं तू माझ्या शब्दावर ठरवलंस आणि माझा शब्द चुकीचा होता. त्या लोकांना जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. पाकिटात दोन दोरे आहेत, एक खिडकीतला आणि एक खणातला. दोन्हीला हिसका देऊन बघ आणि मग रागवायचं तितकं माझ्यावर रागव. पोस्टमनला काल नवं रीळ दिलं आणि माफी मागितली. खिडकीत आता नुसती गळाला लावायची रंगीत बुचं मांडली आहेत, आईने निवडलेली.

तुझाच, उशिरा प्रश्न वाचणारा,
बाबा