दर महिन्याची वर्गणी

शिवाजीनगर, पुणे
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, २१ डिसेंबर २०२३

प्रिय गोदाबाई,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. मी अजून आहे आणि गुडघे सोडले तर बरी आहे. तुझा गंगाखेडचा पत्ता साईनाथने दिला. तोच तो, तळेगावच्या कॉलेजात शिकताना दर शनिवारी आपला डबा न्यायला यायचा आणि तुझ्याकडून कांदा मागून घ्यायचा. आता हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. परवा गेटवर उभा राहून तुझ्या खोलीचं कुलूप बघत होता. मी वर बोलावून चहा दिला तर म्हणाला, मावशींचा फोन लागत नाही, पण त्यांच्या भावाचा पत्ता आहे. भावाचा नंबर मिळवून मोबाईलवर बोलता आलं असतं म्हणा, पण हे बोलायचं नाही, लिहायचंच आहे. सकाळची पूजा झाली, कहाणी वाचून झाली, उपासाला दोन केळी खाऊन बसले आहे.

आधी गल्लीची बातमी देते. तू गेलीस तेव्हा एसटी स्टँडच्या जागी नुसता खड्डा होता आणि पत्रे लावले होते. आता तिथून मेट्रो जाते. जमिनीखाली इतकं खोल स्टेशन आहे की सरकत्या जिन्यावर मला देव आठवला. स्टँड परत इथे आणणार असं म्हणतात, आणतील तेव्हा खरं. वाकडेवाडीला गेलेलं ते तिथंच आहे. पहिले दोन महिने आमच्या लोकांना काय आनंद झाला होता. डिझेलचा वास गेला, पहाटेचे भोंगे गेले, जिन्यात कुणी पिचकारी मारेना. मग हळूहळू लक्षात आलं की चहावाला गेला, पेपरवाला गेला, रिक्षा मिळेना, औषधांचं दुकान आठलाच बंद होऊ लागलं. मी चाळीस वर्षं त्या स्टँडच्या नावाने बोटं मोडली आणि गेल्यावर झोप येईना. परभणीची गाडी लागली की पाच वाजले, हे माझं घड्याळ होतं. शेवटच्या आजारपणात आमचे हेसुद्धा विचारायचे, आज गाडी आली नाही का गं.

मग मेट्रो सुरू झाली आणि बिल्डर लोक गल्लीत हिंडायला लागले. स्टँड असताना या सोसायटीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता रोज एक नवा कोट घालून येतो. शेवटी एकाचं ठरलं. आमची इमारत पाडून अकरा मजल्यांची बांधणार. सोळा सभासदांना आहे त्याहून मोठी घरं, लिफ्ट, खाली गाड्या. दत्तप्रसाद आता सेक्रेटरी आहे. तू त्याला हाफ चड्डीत पाहिलंयस, आता तो लॅपटॉप उघडल्याशिवाय बोलत नाही. मुलगा मेहनती आहे, खोटं बोलत नाही, पण कागदावर नसलेली गोष्ट त्याला दिसत नाही. नकाशात गेटाजवळच्या तुझ्या दोन खोल्यांच्या जागी त्याने ट्रान्सफॉर्मर दाखवला होता. मी विचारलं, गोदाबाईचं काय? तो म्हणाला, काकू, त्या भाडेकरू असल्याचा एकही कागद सोसायटीकडे नाही. आपल्या वकिलांनी बघितलं. त्यांच्या नावाने फक्त गणेशोत्सव वर्गणीच्या पावत्या आहेत.

वर्गणीच्या पावत्या, गोदाबाई. माझ्या हातातला प्रसादाचा वाटा तसाच राहिला.

गेल्या रविवारी सभा झाली. मी इतक्या वर्षांत सभेत तोंड उघडलं नव्हतं. बायका मागच्या बाकावर बसतात आणि चहा झाला की उठतात. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले, मांडीवर पिशवी घेऊन. तुझा विषय आला तेव्हा शेजारचे नागोराव म्हणाले, आज खानावळवालीला गाळा दिला तर उद्या इस्त्रीवाला येईल. सगळे हसले. मी उभी राहिले आणि जे बोलले ते तुला सांगते, कारण तू तुझ्याबद्दल चार चांगले शब्द कुणाकडून कधी ऐकले असतील असं मला वाटत नाही.

मी सांगितलं की या बाईच्या ओट्यावर एकतीस वर्षं मराठवाड्यातले डबे उतरले. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईच्या आया रात्रीच्या गाडीला ड्रायव्हरच्या हाती मुलांसाठी डबा द्यायच्या. फडक्यात बांधलेला, वर चिठ्ठी. धपाटे, तेलातला झणझणीत भुरका, आमटीसाठी येसर, शेंगदाण्याची चटणी. ड्रायव्हर ते गोदाबाईच्या ओट्यावर ठेवून जायचे. ती गाठ बघून सांगायची हा कुणाच्या आईचा डबा. तिने एकही डबा कधी उघडला नाही, कुणाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन दिवस कुणी डबा न्यायला आलं नाही तर तिसऱ्या दिवशी खानावळ अर्धी टाकून ती होस्टेलवर जायची, पोर आजारी तर नाही बघायला. कर्वेनगरच्या त्या मुलीला कावीळ झाल्याचं तिच्या आईच्या आधी हिला कळलं, ते न उचललेल्या डब्यावरून. आणि रिकामा डबा परत जाताना तिने रिकामा पाठवला नाही. निदान साखरेची चिमूट तरी, नाहीतर आमच्या गणपतीचा प्रसाद.

मी सांगितलं, स्टँड हललं तेव्हा तिचं सगळं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. आपण इकडे पेढे वाटत होतो. त्या थंडीत ही पहाटे चारला उठून वाकडेवाडीला चालत जायची, ड्रायव्हरांकडून डबे गोळा करायची आणि पोतं डोक्यावर घेऊन इथे आणायची. मी तिला म्हटलं होतं, गोदाबाई, पोरांना तिकडेच बोलव की, कशाला हा व्याप. तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, स्टँड हललं. पोरास्नी हे गेट ठावं हाय, हे कसं हलवू?" ते पुढे कोरोना येईपर्यंत चाललं. मग गाड्याच थांबल्या. होस्टेलमध्ये अडकलेल्या नऊ मुलांना हिने स्वतःच्या धान्यातून जेवू घातलं, पोती संपली तेव्हा गावी गेली. जाताना खोली झाडून, चूल सारवून, किल्ली माझ्या हातात दिली.

 नागोरावांनी चष्मा पुसला. पण दत्तप्रसाद सरळच बोलला, आणि त्यात त्याचं चुकलंही नाही. "काकू, हे सगळं खरं आहे. पण बिल्डरला मी कौतुक दाखवू शकत नाही, कागद दाखवावा लागतो."

मग मी पिशवी उपडी केली. हे वीस वर्षं सेक्रेटरी होते, पुढे खजिनदार झाले, त्यामुळे पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आमच्याच लोखंडी कपाटात होत्या. मला रद्दीसुद्धा टाकवत नाही हे तू जाणतेसच. मी त्यांना म्हटलं, बघा. एकोणनव्वद सालच्या जूनपासून वीस सालच्या मार्चपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला एकाच बाईच्या नावाने एकाच ठरलेल्या रकमेची गणेशोत्सव वर्गणी. पौष महिन्यात वर्गणी, शिमग्याला वर्गणी, पितृपंधरवड्यातसुद्धा वर्गणी. पुण्यात इतकी भाविक बाई दुसरी असेल तर दाखवा. आणि तू एकदा ती पावती हातात धरून मला काय म्हणाली होतीस तेही सांगितलं. "वहिनी, आमचा गणपती लई मायाळू हाय, म्हैन्याच्या म्हैन्याला येतो." तेव्हा मी हसले होते. रविवारी सभेत सगळे हसले आणि मग कुणी हसेना. दर वर्षी गणपतीच्या दहा दिवसांत फळ्यावर देणगीदारांची नावं लिहितात ना, त्यात कागदोपत्री सगळ्यांत जास्त देणारीचं नाव एकदाही नव्हतं. आरास मात्र तुझ्याच पैशांतून व्हायची. आमच्या गणपतीच्या अंगावरची दिव्यांची माळ आठव, ती तुझी.

सभेला आलेला सोसायटीचा वकील पावत्या चाळत होता. म्हणाला, हे भाडंच आहे, शेंबड्या पोरालाही कळेल, आणि ती बाई कोर्टात गेली तर आपली शोभा होईल. हात वर करून मतं घेतली. अकरा बाजूने, चार विरुद्ध, एक जण गाडी लावायला गेलेला. एकशे चाळीस चौरस फुटांचा गाळा तुझ्या नावाने, रस्त्याच्या तोंडाला. त्यासाठी प्रत्येकाला आपल्या घरातले नऊ चौरस फूट सोडावे लागतील. नागोराव म्हणाले, नऊ फूट म्हणजे थोडे नाहीत. मी म्हटलं, माझा देव्हारा तेवढा आहे, मी देव भिंतीवर फळी ठोकून ठेवीन. तेही तसे मनाने वाईट नाहीत. निघताना त्यांनीच विचारलं, ती झुणका तसाच करते का अजून.

आता काम सांगते. बारा जानेवारीला, शुक्रवारी, सकाळी अकराला करार नोंदवायचा आहे. तू स्वतः आली पाहिजेस, आधार कार्ड, दोन फोटो आणि तुझ्याकडच्या जुन्या पावत्या असतील तितक्या घेऊन. आदल्या रात्रीच्या परभणी गाडीने निघ. वाकडेवाडीला पहाटे साईनाथ घ्यायला येईल, त्याने रजा टाकली आहे. गाळा मिळेपर्यंत अडीच-तीन वर्षं जातील, पण तोवर बिल्डर तुला दरमहा भाडं देणार आहे, खरं भाडं, आणि त्याची पावतीही भाड्याचीच. खानावळ पुन्हा चालेल की नाही हे मला सांगता येत नाही. मेट्रोतून उतरणारी पोरं फोनवर जेवण मागवतात. पण ज्या बाईने स्टँड नसताना स्टँड चालवलं तिच्याबद्दल मी काळजी करणार नाही. मला तुझ्याइतका विश्वास कुणाबद्दल वाटत नाही, आणि मी फार लोकांचं कौतुक करणारी बाई नाही हे तुला माहीत आहे.

इथेच पत्र संपवावं असं तीनदा वाटलं. मधे उठून तुळशीला पाणी घालून आले.

सभा संपल्यावर लोक पावत्यांवरच्या यांच्या सह्या बघून म्हणाले, रंगनाथराव हुशार माणूस, काय डोकं लढवलं. कुणी हसून म्हणालं, कुणी नाक मुरडून. नागोरावांच्या सूनबाई म्हणाल्या, गरिबाला फसवताना देवाचं नावसुद्धा सोडलं नाही हो. मी पिशवी आवरत खाली मान घालून ऐकून घेतलं. गोदाबाई, पहिली पावती लिहायची होती तेव्हा हे 'खोलीभाडे' असंच लिहायला बसले होते. सरळ माणूस. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, भाडं कशाला लिहिता, उद्या ती हलायची नाही, वर्गणी लिहा. ते म्हणाले, अगं, देवाच्या नावावर? मी म्हटलं, पैसा गणपतीकडेच जाणार आहे ना, मग खोटं कसं? त्यांच्याने लिहवेना. पेन खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेले. मग हात धुऊन मी लिहिली. तीही आणि पुढच्या सगळ्या. मॅट्रिकपर्यंत गिरवलेलं वळणदार अक्षर, त्याचा उपयोग मी हा केला. त्यांनी नुसत्या सह्या केल्या, आणि दर वेळी तोंड फिरवून.

जानेवारीच्या सात तारखेला पुढची सभा आहे, तिच्यात मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, गेलेल्या माणसाच्या माथी ते राहू देणार नाही. पण सभेच्या आधी तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. तू बाराला येशील तेव्हा गेटपासूनच लोक तुला सांगतील की विमलाबाईंनी तुला गाळा मिळवून दिला, आणि तुझा स्वभाव असा की तू वर येऊन माझ्या पाया पडशील. ते मला सोसणार नाही. मी तुला काही दिलं नाही, एकतीस वर्षं जे दाबून धरलं होतं ते हातातून सोडलं, एवढंच. सही करायला मात्र नक्की ये, माझा राग त्या कागदावर काढू नकोस. सही झाल्यावर माझा जिना चढायचा की साईनाथबरोबर तिथूनच परतीच्या गाडीला बसायचं, ते तुझं तू ठरव.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
विमलाबाई