मंजुषाले खेळू दे

भरवेली, जि. बालाघाट
९ फेब्रुवारी

चिरंजीव हेमराज यास,
पुष्पलता काकूचा सप्रेम जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्या घरी सगळे बरे आहेत. थंडी सरली तशी तुह्या मायची गुडघेदुखी कमी झाली. तुह्या काकाइले आता खदानीत खाली उतरावं लागत नाही, वरतं काम दिलं.

तू माहा फोन उचलत नाही, म्हणून लिहून राह्यली. मी तुमसरले मराठी शाळेत शिकली, हिंदीत मले मनातलं लिहिता येत नाही. तुले वाचता येईन. ल्हानपणी तू अन् माहा अश्विन एकाच पुस्तकावर डोकं घालून मराठी वाचाले शिकले.

परवा मंजुषा रडत आली. म्हणे, "काकू, दादानं फोनवर सांगितलं, मैदानात पाय ठेवला तर मी घरी कधीच येणार नाही." नागपूरले पोरींचे सामने आहेत. बालाघाटची टीम पहिल्यांदा चालली, अन् कॅप्टनलेच मनाई! मी तिले म्हटलं, रडू नको, तुह्या भावाले मी लिहीन.

तुम्ही दोघांनी मोबाइलवर पाहून पाहून तो अमेरिकेचा फुटबॉल इथं आणला. हातानं खेळता अन् फुटबॉल म्हणता, म्हणून लोक हासत. नागपूरच्या पोट्ट्याइकडून जुने हेल्मेट आणले. काळ्या धुळीत लोळून घरी आले की तुमचे चेहरे वळखू येत नसत. मग त्या दिवशी अश्विन चेंडू घेऊन पळत आला, तू त्याले अडवलं, अन् त्याची मान मोडली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून तू जो गेला तो पुण्यालेच जाऊन थांबला. इकडे पोट्ट्याइनं हेल्मेट माळ्यावर टाकले. मैदानात पुन्हा क्रिकेट सुरू झालं. मले वाटलं, सुटलो एकदाचे त्या खेळातून.

मागच्या वर्षी तुही मंजुषा सात-आठ पोरी घेऊन माह्या दारात उभी राह्यली. म्हणे, याले फ्लॅग फुटबॉल म्हणतात, यात कोणी कोणाले पाडत नाही, आंगावर जात नाही. कंबरेच्या पट्ट्याले दोन फिती असतात. समोरचीनं फीत ओढली की धावणारीनं थांबाचं. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये बी येऊन राह्यला. "पर काकू, तू हौ म्हणशील तरच खेळू. नाही तर नाही."

मी दार लावाले उठली. त्या चेंडूचं तोंड पाहाचं नव्हतं मले. आतून खाटेवरून अश्विन बोलला, "माय, येऊ दे त्याइले. मले पाहाचं आहे."

मग रोज संध्याकाळी तुहे काका त्याले चाकाच्या खुर्चीत बसवून मैदानात नेत. मानेखालचं काही हालत नव्हतं, पर आवाज होता. "श्रुतिका, चेंडूकडे काहून पाहते? मंजुषाकडे पाह्य!" असा ओरडे की ड्यूटीवरून येणारे लोक सायकली थांबवून पाहत. किती दिवसांनी हासत होता, हेमराज. पोरींच्या फिती मी माह्या मशिनीवर शिवल्या.

मी "होता" काहून लिहून राह्यली, हे तुले आता समजलं असेल.

डिसेंबरात त्याच्या छातीत कफ भरला. गोंदियाले नेलं. डॉक्टरनं खूप केलं, पर श्वास पुरला नाही. आपला अश्विन गेला, बाबू.

तुह्या घरच्याइले अन् दोस्ताइले मीच थांबवलं. परक्या गावात, एकट्यानं खोलीत, फोनवर हे ऐकून तू काय करशील, याचा धाक होता मले. एक पोरगा गेला, दुसरा जाऊ द्याचा नव्हता. म्हणून माहा भाऊ धर्मेंद्र पुण्याले जाईपर्यंत दम धरला. हे पत्र देऊन तो तुह्याजवळच बसला असेल. त्याले सांगितलं आहे, पोराले सोडून उठू नको. रड, त्याची लाज धरू नको.

आता अश्विनचं बोलणं. गोंदियाले नेण्याआधी तो मले म्हणाला, "माय, हेमराजनं मले बरोबर धरलं होतं. डोकं मीच खाली घातलं. पोट्ट्याइले मीच शिकवो, डोकं वर ठेवा, अन् त्या दिवशी मीच चुकलो. त्याले सांगजो." मी म्हटलं, बरा हो अन् तूच सांग. त्यानं डोये मिटले. म्हणे, "तो उचलत नाही ना."

त्यानं माह्या फोनवरून तुले किती वेळा फोन लावाले सांगितलं होतं. त्याले तुहा राग नव्हता. मले होता. अश्विनच्या मानेचा नाही, या न उचललेल्या फोनचा. आता राग नाही असं खोटं लिहीत नाही.

मंजुषाले खेळू दे. तुही भीती तिच्या पायात बांधू नको. पोरी धावतात चांगल्या, पर तुह्यासारखं लांब फेकणं त्याइले कोणी शिकवलं नाही. अश्विन सांगू शके, करून दाखवू शकत नव्हता.

नागपूरले पोरींसंगं मी जाऊन राह्यली. मैदानाच्या कडेले बसीन. पोरी पळाल्या की माहा जीव घाबरते, अजून बी. तुह्या काकाइचे तर डोयेच भरून येतात, ते काय मले धीर देतीन! माह्या बाजूले बसाले कोणी पाहिजे. तू ये.

तुह्यावर थोडी रागावलेली अन् तुह्यासाठी बाजूची जागा धरून बसणारी,
अश्विनची माय
पुष्पलता